कूस

'इथे युद्धानं कूस बदलली.'
वरच्या मजल्यावरची ग्लाशा
धड्यातली ओळ मोठ्यानं वाचते
आणि माझ्याकडे बघते,
जणू मी तेव्हा उशाशी बसून होते
युद्धाच्या पाठीखाली हात घालून.

बसलेच होते म्हण.
व्होल्गाच्या अलीकडच्या काठावर,
डांबराच्या बादलीपाशी.
माझं काम भोकं मोजायचं.
रात्री स्टालिनग्राडला गेलेली नाव पहाटे परत आली
की ती पालथी घालायची,
प्रत्येक भोकाभोवती खडूनं गोल काढायचा,
तागाचे पिळे ठासायचे, वरून डांबर.
एका नावेला सदतीस होती.
आकडा लक्षात राहिला,
कारण अडतिसावं नावाड्याला होतं.
त्याला खडू लागला नाही.

पलीकडे शहर जळत होतं.
तेलाच्या टाक्या फुटल्या
आणि पाणीच पेटलं.
पेटलेली नदी पाहिलीय मी, पोरी.
अजूनही चुलीला काडी लावताना
एक हात आपोआप
पाण्याच्या घागरीकडे जातो
आणि मध्येच थबकतो.

माझी कूस एकदाच उजवली.
सावेली.
ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी
त्याची तुकडी नेमकी आमच्याच धक्क्यावर उतरली.
एकोणीस वर्षांचा, कोटाच्या बाह्या हाताखाली लोंबणाऱ्या.
सकाळीच मी बुजवलेल्या नावेत बसला,
फळीवर टकटक केली,
म्हणाला, "आई, गळणार नाही ना?"
नाही म्हटलं.

नाव गळली नाही.
तेवढं खरं ठरलं.

मग नोव्हेंबर.
नदीला धड पाणीही राहवेना,
धड जमीनही होववेना.
बर्फाच्या लाद्या एकमेकींवर घासत जायच्या,
रात्रभर जात्यासारखी घरघर,
आणि जात्यात काय, तर आमच्या नावा.
अलीकडे पावाची पोती, तोफगोळे, पत्रं
ताडपत्रीखाली पडून.
पलीकडे ओंजळभर जमिनीवर आमची माणसं,
पाठ नदीला लावून.
म्हातारा येर्मोलाय थुंकून म्हणायचा,
"अशी नदी कुणाचीच नसते."

तुझ्या पुस्तकात एकोणीस तारीख आहे.
मला वीस आठवते.
उत्तरेला आदल्या दिवशी काही झालं असेल,
ते आमच्या कानापर्यंत आलं नव्हतं.
वीसच्या सकाळी धुकं इतकं दाट
की बादली दिसत होती, हात दिसत नव्हता.
आणि गार होत चाललेल्या डांबरावर
एक वर्तुळ उमटलं.
मग दुसरं.
आवाज मागून आला, दक्षिणेकडून, थांबेचना.
येर्मोलाय म्हणाला, "लाकडं उतरवतायत कुठेतरी."
आम्ही परत ताग वळायला घेतला.

असं वळलं ते.
धक्क्यावर कुणी टोपी उडवली नाही.

डिसेंबरात नदी एकदाची थिजली.
पिठाची घसरगाडी ओढत मी चालत पलीकडे गेले.
खाली बर्फ कण्हत होता.
एवढंसंच अंतर!
सहाशे पावलं मोजली आणि मोजणं सोडलं.
तिथल्या तळघरात एका कारकुनाकडे वही होती,
बोटं फुटलेली, त्यानं चिंधी गुंडाळलेली.
पान उलटलं. आणखी एक उलटलं.
मग वही मिटून
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"पीठ किती आणलंत?"

ग्लाशा, तू लहान आहेस,
पण एवढं कळेल तुला:
दमलेलं मोठं माणूस
झोपेत या अंगावरून त्या अंगावर वळतं,
तेव्हा त्याला ठाऊक नसतं
कुशीत कोण निजलंय.
सकाळी सगळे म्हणतात, बरं झालं वळला,
श्वास मोकळा झाला.
झालाच होता. मीही घेतला तो श्वास.
खोटं कशाला सांगू?

तर लिही तू, बाळ. पुस्तकात आहे तसंच लिही.
एका गुणाचा प्रश्न आहे.
फक्त त्या ओळीभोवती
पेन्सिलीनं एक गोल काढून ठेव.
तिथून गळतंय.